करंगळीला नख नसलेला माणूस

दत्तोबा, तुम्ही गेलात हे मला पटायला दोन दिवस लागले. तुमचं कुठलंही बोलणं पहिल्या झटक्यात खरं मानायचं नाही, ही माझी अकरा वर्षांची सवय. शिपाई धावत आला, "बाई, दत्तोबा गेलं," तर माझ्या तोंडून काय निघावं? "कुठं?" तो बिचारा बघतच राहिला. लोक तुम्हाला पंचगंगेवर पोचवून आले, तरी मी टेबलावरच्या कागदांत मान खुपसून बसले होते. रडू आलं नाही. राग आला. म्हटलं, निसटला. मला उत्तर न देता निसटला.

आता ऐकून घ्या. मी काही विचारलं की तुम्ही रंधा मारायला सुरुवात करायचात आणि माझं बोलणं त्या आवाजात बुडवायचात. आता रंधा नाही, तुम्हाला उठूनही जाता येणार नाही.

मी संग्रहालयाची नोंदवही लिहिणारी, तुम्ही तिथले सुतार. काचपेट्या, कपाटं, मोडकी दारं, सगळं तुमच्या हाती. मी नोकरीला लागले तेव्हा तुमची दहा वर्षं झाली होती. वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालात, "त्या वहीत लई डोकं घालू नगासा बाई. वस्तू हिकडं हाईत, वहीत न्हाईत." मी लगेच मनात नोंद केली, ह्या माणसाला वही तपासलेली नको आहे. तेव्हा काहीच घडलेलं नव्हतं हो. पण माझा स्वभावच तसा. आमच्या घरात दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी मीच.

दुसऱ्या दालनात खिडकीजवळ तो उभा होता. नोंद क्रमांक दोनशे चार. लाकडी मानवाकृती, पुरुष, उभी, हात जोडलेले, फणसाचे लाकूड. माझ्या कमरेएवढा उंच. धोतर, पागोटं, पोट जरा सुटलेलं, आणि चेहरा असा की मामलेदार कचेरीत सकाळपासून अर्ज घेऊन उभा आहे आणि कुणी विचारत नाही. सहलीची पोरं त्याला हसायची. मलाही त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. वाटायला लावलंत ते तुम्ही.

एका दुपारी तुम्ही त्याची काच पुसायला काढली होती. मला हाक मारलीत. "बाई, हिकडं या. बसा खाली." साडी सावरत मी फरशीवर बसले. "डाव्या पायाची करंगळी बघा." बघितली. बाकीच्या नऊ बोटांना कोरीव नखं, ह्या एका बोटाला नाही. नुसता गुळगुळीत गोळा.

"विसरला वाटतं करणारा," मी म्हटलं.

"इसरंल कशाला? मुद्दाम ठेवलंय. देव करायचा तर पुरा करायचा. माणूस करायचा तर त्यात एक खोट ठेवायची. पुरता माणूस वरच्यानं करायचा, सुतारानं न्हवं. केला तर करणाऱ्याचा हात जातोय म्हणत्यात."

"मग तुमची खोट कुठं असते?"

"ज्याची जागा त्येला ठावं. मी बायकूला बी सांगितलं न्हाई," असं म्हणून तुम्ही खो खो हसलात.

त्या दिवसापर्यंत मी वस्तू बघतच नव्हते, दत्तोबा. मी त्यांची नावं उतरवून काढत होते. फरशीवर बसून बघायचं असतं हे तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आत्ता मानते, म्हणजे पुढं भांडायला मोकळी.

मग गौरव्वा. दरवर्षी दिवाळी झाली की ती यायची. गडहिंग्लजच्याही पुढं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं तिचं गाव, बोलण्यात निम्मं कानडी. तिचा मुलगा तान्हा असताना तापानं गेल्यात जमा झाला होता. तिच्या सासऱ्यानं देवीला नवस बोलला, ह्याला सोड, ह्याच्या बदली तुझ्यापुढं माणूस उभा करतो. पोर वाचलं. फणसाचा माणूस करवून घेतला आणि तो देवीसमोर हात जोडून उभा राहिला. पुढं संस्थानच्या दिवसांत फिरतीवर आलेल्या कुणा साहेबाला तो आवडला. साहेबानं उचलला, गाडीत घातला, कोल्हापूरला आणला. गावाला कुणी विचारलं नाही.

"माणूस हितं काचंत उभा," गौरव्वा मला म्हणायची, "आन् देवीपुढली जागा मोकळी. उद्या तिनं माझं प्वार मागितलं तर मी काय सांगू, अक्का?"

दर वेळी तिच्याकडं गावच्या मास्तरांनी लिहून दिलेला अर्ज असायचा. दर वेळी आम्ही उत्तर द्यायचो, 'सदर वस्तू संग्रहालयाची मालमत्ता असल्याने परत करता येत नाही.' सही साहेबांची, अक्षर माझं. सहा अर्ज, सहा उत्तरं. अर्ज देऊन झाला की ती त्या काचेसमोर तासभर बसायची आणि तुम्ही तिला चहा आणून द्यायचात. तेवढ्यावरून आपलं भांडण ठरलेलं.

"बाई, सायबाला जरा समजावून सांगा की."

"नियम आहे दत्तोबा."

"त्यो सायेब गाडीत घालून घिऊन आला, तवा कुठला नियम हुता?"

मी आवाज चढवला. म्हटलं, आज एकाला दिलं तर उद्या सगळी गावं दारात उभी राहतील, मग काय लोकांना रिकाम्या काचा दाखवायच्या? तुम्ही शांतपणे म्हणालात, "दावा की. काचा बी चांगल्या हाईत. मी केल्यात." मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. खरं सांगायचं तर तुमची बाजू बरोबर होती आणि माझी सोयीची.

सहाव्या वर्षी गौरव्वा आली ती रडतच. मुलगा नारळाच्या झाडावरून पडला होता, अंथरुणाला खिळला होता. बहात्तरच्या दुष्काळातून जेमतेम वर आलेलं घर. त्या दिवशी ती काचेसमोर बसली नाही, काचेला डोकं टेकून उभी राहिली. पहारेकरी तिला हटवायला गेला तर तुम्ही त्याच्या अंगावर ओरडलात, सगळ्या दालनांत ऐकू गेलं. मी खोलीत बसून सहावं उत्तर लिहीत होते. पेन थांबलं नव्हतं माझं, हे कबूल करते.

पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या दालनाचं छप्पर गळायला लागलं. वस्तू तुमच्या मागच्या कामाच्या खोलीत हलवल्या, छपराच्या कुजक्या तुळया काढल्या. त्यातली एक फणसाची होती, अर्धी कुजलेली, अर्धी चांगली. तुम्ही माझ्याकडं आलात. "बाई, जळणाला नेतो ही. पास करून द्या." मी पास करून दिला. दीड महिना तुमच्या खोलीचं दार आतून बंद. मी एकदा वाजवलं तर आतून ओरडलात, "पालिश चाललंय, डोळं चुरचुरतील!"

दसऱ्याच्या आधी माणूस परत काचेत उभा राहिला. तोच चेहरा, तेच पोट, तोच रंग. मी जवळ गेले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. वास! जुन्या माणसाला तेलाचा वास होता, वर्षानुवर्षं मुरलेला, खवट. ह्याला लाकूड रंगवायच्या काथाचा वास येत होता. मी लगेच फरशीवर बसले, करंगळी बघितली. नख नव्हतं. जीव भांड्यात पडला. स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, बाई, तुला कुठंही चोरच दिसतात.

आठ दिवस बरे गेले. पण संशयाला औषध नसतं. फणसाची तुळई आठवली. बंद दार आठवलं. आणि एक लक्षात आलं, तुम्ही त्या माणसाकडं बघेनासे झाला होतात. दालनातून जाताना मान खाली. पूर्वी जाता येता त्याला "काय पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणणारे तुम्ही! दिवाळी आली, गेली. गौरव्वा आली नाही. मी तुम्हाला म्हटलं, "म्हातारी यंदा आली नाही." तुम्ही वर न बघता म्हणालात, "वय झालंय की." तेव्हा मी सरळच विचारलं.

"दत्तोबा, हा तोच माणूस आहे ना?"

रंधा थांबला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, चांगलं निरखून. "वहीत हाय न्हवं? मग हाय." आणि रंधा पुन्हा सुरू.

त्या दिवसांत मुंबईचा एक व्यापारी गावात फिरायचा, जुन्या घरांतली कोरीव दारं, खांब, बाहुल्या विकत घ्यायचा. तुमच्याशी फाटकापाशी बोलताना मी त्याला दोनदा पाहिलं होतं. त्याच हिवाळ्यात तुमच्या थोरलीचं लग्न झालं, चांगलं थाटात. मी दोन आणि दोन चार केले. कुंपणानंच शेत खाल्लं, असं मनाशी म्हटलं. आणि गप्प बसले.

का गप्प बसले? पुरावा नव्हता, हे एक. जळणाच्या पासावर माझी सही होती, हे दुसरं. तिसरं असं की तुम्ही मला आवडायचात. त्या थंडगार इमारतीत माझ्याशी माणसासारखं भांडणारे तुम्ही एकटे होतात. तुमची तक्रार करून मी कुणाशी भांडले असते?

पण शिक्षा मी दिली, माझ्या परीनं. दुपारी आपण डबे एकत्र सोडायचो. वहिनींनी केलेला खर्डा तुम्ही माझ्या भाकरीवर वाढायचात. मी खर्डा घ्यायचा बंद केला. पोट बिघडतं म्हटलं. नऊ वर्षं पोट बिघडलेलं! आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, "बाई, खर्डा का घेत न्हाईसा?" निर्दोष माणूस विचारेल की नाही? तुम्ही विचारत नव्हतात म्हणून माझा संशय पक्का होत गेला. दरवर्षी वस्तूंची मोजणी व्हायची तेव्हा प्रत्येक नोंदीपुढं मी 'तपासली' असं लिहायची. दोनशे चारपुढं 'पाहिली' असं लिहायची. तुम्ही माझ्या खांद्यावरून डोकावून ते वाचायचात आणि निघून जायचात. चोराच्या मनात चांदणं, मी म्हणायची. आता वाटतं, चांदणं माझ्याच मनात होतं, तुम्ही नुसते वाचत होतात.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोलले, "काम चांगलं." तुम्ही खुर्चीवर हार घालून बसला होतात आणि मान हलवलीत, जणू काही मोजून तेवढेच शब्द तुम्हाला हवे होते.

मग दोन वर्षांनी एक पत्र आलं. सरकार परदेशात प्रदर्शन भरवणार, गावोगावच्या संग्रहालयांतून निवडक वस्तू जाणार. आमच्याकडून दोनशे चार. वस्तू मूळ आहे आणि प्रवासाला योग्य आहे असा दाखला हवा, नोंदवही लिहिणाऱ्याच्या सहीचा. म्हणजे माझ्या.  तुम्ही तेव्हा दवाखान्यात होतात. मी मोसंबी घेऊन आले. भेटायला आले असं वहिनींना सांगितलं. विचारायला आले होते.

तुम्ही किती बारीक झाला होतात. तेवढे मोठे हात चादरीवर नुसते ठेवल्यासारखे. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली.

"दत्तोबा, तो माणूस परदेशी चाललाय."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारता? दोनशे चार. मला लिहून द्यायचंय, मूळ आहे म्हणून. लिहू का?"

तुम्ही छताकडं बघितलंत. मग म्हणालात, "इमानात बसणार म्हणा की त्यो." आणि हसायला लागलात, खोकला येईपर्यंत हसलात. मी पाठ चोळली. मरताना माणूस खरं बोलतो म्हणतात. तुम्ही मला मोसंबी सोलायला सांगितलीत. मी सोलली. एकेक फोड तुमच्या हातावर ठेवत होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते. ती आपली शेवटची भेट.

तुमच्या दहाव्याच्या दिवशी मी वहिनींकडं आले नाही. त्या दिवशी मी दोनशे चार काचेतून काढून टेबलावर आडवा झोपवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बॅटरी घेतली, भिंग घेतलं. सवयीनं आधी पायाची करंगळी बघितली. नख नाही. मग मी एक काम केलं, जे अकरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. माझ्या आधीच्या कारकुनाची मोडीतली जुनी वही कपाटाच्या तळातून काढली. नवी वही करताना मी तिच्यातल्या पहिल्या दोन ओळी उतरवल्या होत्या आणि बाकीचा पाल्हाळ म्हणून सोडून दिला होता. आता अक्षर लावत लावत पुढचं वाचलं. पागोट्याचे पीळ किती, धोतराच्या निऱ्या किती, आणि मग, 'दोन्ही कानांस भोके, आरपार.'

डाव्या कानाला भोक होतं, बॅटरीचा उजेड पलीकडं आला. उजव्या कानावर नुसती खळी. भोक नाही.

मी खुर्चीत बसले. पंखा चालू होता की नाही तेही आठवत नाही. दत्तोबा, तुम्ही त्या जुन्या सुताराची खोट जशीच्या तशी उचलली, बिननखाची करंगळी कोरली, कारण मी तीच बघणार हे तुम्हाला ठाऊक होतं. पण ती त्याची खोट होती. तुमची तुम्हाला वेगळी ठेवावीच लागली. गिरमिटाचा एक फेर मारला असता तर माणूस हुबेहूब झाला असता, जगात कुणाला कळलं नसतं. एक फेर! चोरी करताना तुमचा हात कापला नाही आणि भोक पाडताना मात्र थांबलात. पुरता माणूस करायचा नाही म्हणून! अहो, असली कसली चोरी ही?

आणि मी? अकरा वर्षं मी पायापाशी बसले होते. फरशीवर बसून बघायला शिकवलंत, तेवढंच मी बघत राहिले. मान वर करून कान बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा रडू आलं, दत्तोबा. बाहेर शाळेची सहल आलेली, पोरं विचारत होती, पेटी रिकामी का आहे. मी दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडं आले, ती भांडायच्या तयारीनं. त्या मला बघून रडल्या, मीही रडले, आणि मग मी सरळ विचारलं, छपराचं काम झालं त्या साली दत्तोबा काही घेऊन गडहिंग्लजकडं गेले होते का? वहिनींनी डोळे पुसले. "गेलतो की. मी बी गेलतो. वाकळंत गुंडाळून न्हेलं हुतं. एस्टीत शेजारी बसीवलं. कंडक्टर म्हणला, पावणं, ह्यो कोण? तर हे म्हणत्यात, आजारी हाय, गावी सोडाय चाललोय, पुरं तिकीट द्या. मला हसाया येत हुतं आन् ह्यांनी डोळं वटारलं." वहिनी सांगता सांगता खरोखरच हसल्या.

"आणि तो मुंबईचा व्यापारी?"

"त्यो व्हय? त्येला फाटकातनं हाकलला हुता ह्यांनी. परत दिसलास तर पटाशी घालीन म्हणालं."

तुम्हाला वाटेल, झालं, बाईचा संशय फिटला. इतक्या सहजी? वहिनी तुमच्या बायको. त्या तुमच्या बाजूनंच बोलणार. रविवारी मी एस्टी पकडली.

गाव लहान. देऊळ लहान. देवीसमोर तो हात जोडून उभा होता, नखशिखांत शेंदूर. इतका जाड थर की नाक ओळखू येईना. पुजारी म्हणाला, हात लावायचा न्हाई. मी लांबून करंगळी बघितली, शेंदूर. कान बघितले, दोन्ही शेंदरानं बुजलेले. सांगा आता, कसं ओळखायचं? गौरव्वा पायरीवर बसली होती. जिवंत! डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, मला ओळखलं नाही. शेजारी तिचा मुलगा, काठी घेऊन का होईना, पायांवर उभा.

"आजी, हा माणूस कोणी आणला परत?"

"कोण आणंल त्येला? त्योच आला," ती म्हणाली. "एस्टीनं आला."

तिच्या मुलानं मला पाणी आणून दिलं. लंगडत गेला, लंगडत आला, तांब्या पुढं धरला. मी सहा वेळा ज्याला नाही म्हणून लिहिलं होतं तो हा. 

परतीच्या एस्टीत मी हुंदके आवरत बसले होते आणि कागलच्या आसपास माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. तुळई मोठी होती, दत्तोबा. अर्धी चांगली. त्यात दोन माणसं सहज निघाली असती. एक आम्हाला, एक गावाला, आणि मूळ? केलेत का दोन? खरं सांगा. मी तुम्हाला इतकं ओळखते की तुम्ही तसं केलं नसणार हे मला ठाऊक आहे, आणि मला स्वतःला इतकं ओळखते की मरेपर्यंत हा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर सुटला असता. एकदा खर्डा वाढताना सांगायचं होतं. मी कुणाला सांगितलं असतं का? बहुतेक सांगितलं असतं. म्हणूनच सांगितलं नसाल.

सोमवारी मुंबईहून प्रदर्शनाचे साहेब आले, कोरा दाखला घेऊन. 'मूळ' असं लिहिलं तर तुमचं खोटं माझ्या सहीनं जगभर फिरणार. 'मूळ नाही' असं लिहिलं तर चौकशी, पोलीस, वहिनींची पेन्शन बंद, आणि उद्या एक जीप गावात जाणार, शेंदूर खरवडून माणूस पुन्हा गाडीत घालणार. साहेब घड्याळ बघत होते. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'लाकूड आतून किडलेले. हलविल्यास तुकडे होण्याचा धोका. जागेवरून काढू नये.' आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.

साहेबांनी वाचलं, अरेरे म्हणाले, यादीतून दोनशे चार खोडला आणि त्या जागी एक पितळी समई घेतली. चहा पिऊन गेले.

अठरा वर्षांत माझ्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद. त्या लाकडाला एक टिचकी मारून कुणीही सुतार सांगेल की आत कीड नाही, ठणठणीत आहे. पण तुमच्या जागेवर अजून माणूस भरलेला नाही. दोनशे चारच्या काचेवर पत्र्याची पाटी लावली आहे, 'हात लावू नये.' लोक वाचतात, मान डोलावतात आणि पुढं जातात. मी रोज दुपारी डबा घेऊन त्या दालनात बसते, दत्तोबा, आणि वाट बघते, कुणीतरी माझा संशय घेईल म्हणून.